एका सकाळी एकच चर्च

तुझी यादी पाहिली. एका शनिवारी सकाळी फोर्टातली सगळी, मग टॅक्सीने कुलाब्याचं अफगाण चर्च, परतताना भायखळ्याचं ग्लोरिया. आणि खाली प्रश्न : 'काका, तिसऱ्यानंतर सगळी सारखीच दिसायला लागली. माझंच काही चुकतंय का?'

अगं, दिसणारच! एका सकाळी एकच चर्च. हे मी तुला आधीही सांगितलं होतं.

हॉर्निमन सर्कलच्या सेंट थॉमसचंच घे. छताचा फोटो काढलास आणि निघालीस. रोज चर्चगेटला उतरतेस, त्या नावातलं चर्च ते हेच. किल्ल्याच्या तटाचा तो दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. म्हणून स्टेशनवरून चालत ये, टॅक्सी नको.

आत गेलीस की बाकावर बस. १६७६ साली गव्हर्नर ऑन्जियरने या चर्चचा पाया घातला, पुढच्याच वर्षी तो वारला, आणि भिंती जवळजवळ चाळीस वर्षं अर्धवट उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागून काम तडीस नेलं. १७१८च्या नाताळात चर्च उघडलं तेव्हा रामा कामत आपल्या जातभाईंना घेऊन आला होता. वाळकेश्वरचं देऊळ नव्याने बांधणारा तोच हा शेणवी व्यापारी. दोनच वर्षांनी, चर्च उघडलं तेव्हा जो गव्हर्नर होता त्याच बूनच्या अमदानीत, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला त्याच्यावर चालला आणि तो कैदेतच मेला. पुराव्याचं पत्र बनावट होतं, हे नंतर बाहेर आलं. एवढं डोक्यात घेऊन तिथे बसलीस, तर हे चर्च दुसऱ्या कुठल्या चर्चसारखं दिसेल का, सांग.

मग ऊठ आणि गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक शोध. त्याला दुवा देणारी हिंदू मुलं संगमरवरात कोरलीत. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या त्याने बंद केली, असं त्यावर लिहिलंय. काठेवाडात ती पुढे कितीतरी वर्षं चालूच होती. दगडावरचंही तपासून घ्यावं लागतं बाई, आणि त्याला वेळ लागतो.

माझ्याबरोबर फिरायला आलेले लोक अर्ध्यातून वडापाव खायला सटकतात, हे तुझ्या कानावर आलं असेल. सटकू देत. पाच ठिकाणं दाखवली असती तर जास्त माणसं टिकली असती, हे मला कळत नाही असं नाही. पण मग दाखवलं काय असतं? पाच छतं. एका सकाळी एकच, यात मी सूट देणार नाही, तुलाही नाही.

रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा बघ्यांनी जाऊ नये. पुढच्या शनिवारी लायन गेटसमोरचं सेंट अँड्र्यूज, १८१९चं स्कॉटिश लोकांचं. त्याच्या शेजारी अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या बर्फाची कोठी होती, ती कुठे असेल याचा अंदाज आधी बाहेरून तूच बांध. नाश्ता करून ये. आणि अफगाण चर्चचं नाव त्या दिवशी काढायचं नाही.