हिवाळ्यातला कुरव : काळ्या डोक्याचा की तपकिरी डोक्याचा?

तुमचा प्रश्न असा की थंडीत किनाऱ्यावर दिसणाऱ्या सगळ्याच कुरवांचं (म्हणजे सीगल पक्ष्यांचं) डोकं पांढरं असतं, मग काळ्या डोक्याचा कुठला आणि तपकिरी डोक्याचा कुठला? माझं सरळ मत : डोकं सोडा, पंखाचं टोक बघा. विणीचा हंगाम सरला की दोघांच्याही डोक्याचा रंग जातो, डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो. चोच आणि पायही दोघांचे लालसर. उन्हाळ्याच्या तोंडावर टोपी परत चढते, तीही दोघांची तपकिरीच!

उडताना मात्र फरक लपत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची पुढची कड पांढरीशुभ्र असते आणि बऱ्याच लांबूनही चमकते. काळं असतं ते फक्त पिसांच्या टोकांना, बारीक पट्टीसारखं. तपकिरी डोक्याच्याचा पंख टोकाला शाईत बुडवून काढल्यासारखा दिसतो आणि त्या काळ्यात एक-दोन ठळक पांढरे ठिपके असतात.

हे ठिपके बघायचे तर थव्याच्या मागे धावू नका. पक्षी उगाच दमतात आणि तुम्हाला नुसत्या शेपट्या दिसतात. भरती चढत असताना वाळूची पट्टी आक्रसते, कुरव एकत्र गोळा होतात. तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन लांबवर बसून राहा. कुरव वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. उतरताना वेग कमी होतो, पंख पूर्ण पसरतात. कॅमेरा असेल तर त्याच क्षणी धडाधड फोटो काढा, ठिपके घरी मोठे करून बघता येतात.

बसलेल्या पक्ष्याचा डोळा बघा. प्रौढ तपकिरी डोक्याच्याचं बुबुळ फिकट, त्यामुळे तो रोखून बघतोय असं वाटतं. काळ्या डोक्याच्याचा डोळा काळाभोर. तपकिरी डोक्याचा अंगानं आणि चोचीनंही जरा दणकट, पण शेजारी दुसरा नसेल तर आकारावर मी फारसा विसंबत नाही.

शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू. तपकिरी डोक्याच्या पिल्लाचा डोळा गडद असतो, पंखावर पांढरे ठिपकेही नसतात, म्हणून आधी प्रौढांवर हात बसवा. आणि डोळा फिकट, पण पंखाची पुढची कड पांढरी, कपाळ उतरतं, चोच लांब, कानाजवळचा ठिपका जेमतेम, असं काही दिसलं तर तो तिसराच, बारीक चोचीचा कुरव.