थाई मसाज शिकायला जाताना : वाचकांचे प्रश्न

थायलंडमध्ये जाऊन तिथल्या शिक्षकांकडे पारंपरिक मसाज शिकण्याबद्दल रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत.

आमचा दिवेआगरला होमस्टे आहे. जूनपासून गणपतीपर्यंत पाहुणे जवळजवळ नसतात. त्या दिवसांत शिकायला जाता येईल का? बँकॉक बरे की चियांग माई?

जरूर जा, शिकण्यासाठी तो काळ चांगलाच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडात शेतातले खुंट आणि जंगले जळतात, चियांग माईची हवा धुराने भरून जाते. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे त्यांचे नववर्ष. तेव्हा वर्ग बंद असतात. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम, पण परदेशी विद्यार्थ्यांची गर्दीही तेव्हाच. पावसाळ्यात तिथेही पाऊस असतो, मात्र आपल्यासारखी दिवसचे दिवस झड लागत नाही. बहुतेकदा दुपारनंतर सर येते आणि जाते. वर्गात माणसे कमी, म्हणजे शिक्षकाचे लक्ष तुमच्या वाट्याला जास्त.

बँकॉकच्या वाट फो मंदिरातली शाळा १९५५ पासून चालू आहे. तिसऱ्या रामराजाच्या काळात (१८२४–१८५१) या मंदिराच्या भिंतींत वैद्यकाचे शिलालेख बसवले गेले. त्यांत माणसाच्या आकृतीवर दाबाच्या जागा आणि रेषा (अंगातून शक्ती वाहते असे तिथे मानतात, त्या वाटा) दाखवणाऱ्या ६० आकृत्या आहेत. शिकायला जाल तेव्हा त्या शांतपणे पाहा. तिथला पायाभूत अभ्यासक्रम ५ दिवसांचा, ३० तासांचा. रेषेवरचा अंगठ्याचा दाब ही त्यातली मुख्य गोष्ट, आणि क्रम ठरलेला असल्याने नवख्या माणसाला धरायला काहीतरी पक्के मिळते. उत्तरेकडच्या, म्हणजे चियांग माईच्या पद्धतीत ताण देणे, झुलवणे आणि पावलांनी दाबणे जास्त. पूर्ण अंगाला सहज २ तास लागतात. तिसरी राजदरबारी पद्धत. तिच्यात फक्त हात वापरतात, ताण नसतात, आणि करणारा अदबीने अंतर ठेवून बसतो. ती सुरुवातीला शिकू नका.

आमचे मत असे : एक आठवडा शाळेत क्रम पक्का करा आणि पुढचे दोन-तीन आठवडे चियांग माईत एकाच शिक्षकाकडे बसा. बँकॉकहून चियांग माई सुमारे ७०० किलोमीटर, रात्रीची रेल्वे सोयीची.

"दोन दिवसांत प्रमाणपत्र" अशा जाहिराती दिसतात. चांगला शिक्षक ओळखायचा कसा? (मालवण)

दोन दिवसांत हात तयार होत नाही, प्रमाणपत्र तयार होते. कागद बाजूला ठेवून आधी त्या शिक्षकाकडून स्वतः मसाज करून घ्या. चियांग माईत साध्या ठिकाणी तासाला साधारण २५० ते ४०० बाट पडतात. फी भरण्याआधी हा खर्च करावाच. तीन गोष्टींकडे लक्ष द्या. सुरुवातीला त्यांनी तुमचे दुखणे, शस्त्रक्रिया, औषधे विचारली का? दाब हळूहळू चढतो, थांबतो आणि तसाच हळूहळू उतरतो का, की एकदम बोट खुपसल्यासारखे होते? आणि तुम्ही श्वास रोखलात तर त्यांच्या ते ध्यानात येते का? ज्याच्या हाताला हे कळत नाही, तो ते शिकवूही शकणार नाही.

मग वर्ग पाहा. एका शिक्षकामागे सहा-आठांपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. सगळ्यात महत्त्वाचे, शिक्षक स्वतः गादीवर आडवे होऊन तुम्हाला त्यांच्या अंगावर दाबू देतात का, हे विचारा. विद्यार्थ्यांनी एकमेकांवर सराव करायचा आणि शिक्षकाने लांबून बघायचे, असे जिथे चालते तिथे चुका तशाच घट्ट होतात. दाब चुकीचा पडला हे ज्याच्या पोटरीवर पडला त्यालाच नेमके सांगता येते.

घरी शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांकडे बहुधा अभ्यासक्रम नसतो. रोगी येतात, शिक्षक काम करतात, विद्यार्थी शेजारी बसून बघतात आणि अधूनमधून "आता तू कर" असे म्हटले जाते. इंग्रजी जेमतेम. पायाभूत क्रम अंगात नसेल तर तिथे नुसते बघणे होते, म्हणून आधी शाळा. दिवसाची सुरुवात 'वाई ख्रू' या गुरुवंदनेने होते. त्यात जीवकाचे, बुद्धाच्या त्या वैद्याचे, स्मरण असते. मोठे वंदन गुरुवारी. हात जोडून शांत बसा. पाय मूर्तीकडे किंवा शिक्षकांकडे करू नका, गादी ओलांडून जाऊ नका, कोणाच्याही डोक्याला हात लावण्याआधी विचारा, आणि परवानगीशिवाय मोबाईलवर चित्रण करू नका. शिक्षकांना 'आचान' किंवा 'ख्रू' अशी हाक मारतात. दर आठवड्याला शिक्षक बदलू नका. दोघांचे क्रम एकमेकांत मिसळतात आणि हाताला एकही नीट येत नाही.

शिकता शिकता तिथेच काम करून खर्च भागवता येईल का? (अलिबाग)

नाही. थाई मसाज हे काम तिथल्या कायद्याने थाई नागरिकांसाठी राखून ठेवले आहे. प्रमाणपत्र असले तरी परदेशी माणसाला पैसे घेऊन मसाज करता येत नाही. 'सरावासाठी गिऱ्हाईक' म्हणून कोणी पैसे देऊ केले तरी घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ६० दिवसांपर्यंत राहण्याची सोय जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, पण असे नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्रही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावे लागते. सरकारी संकेतस्थळावर ते मोफत आहे, पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. अनेक महिने राहून शिकायचे असेल तर शिक्षणाचा वेगळा व्हिसा असतो, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शाळाच लागते.

एका शिबिरात थोडे शिकले. अर्ध्या तासातच अंगठे ठणकू लागतात. माझ्या हातात जोर कमी आहे का? (गुहागर)

जोर कमी असेल तर काहीच बिघडत नाही. बहुधा तुम्ही जोर लावता आहात म्हणूनच दुखते. या मसाजमध्ये दाब अंगाच्या वजनाने पडतो. हाताने फक्त ते वजन योग्य जागी पोहोचवायचे असते.

आधी अंगठा बघा. टोकाने दाबत असाल तर पेर मागे वाकते आणि सगळा भार सांध्यावर येतो. अंगठ्याची मांसल गादी टेकवा, दोन्ही पेरे एका रेषेत ठेवा, उरलेली चार बोटे पसरून आधाराला लावा. कोपर सरळ. खांदा मनगटाच्या बरोबर वर यायला हवा. तो मागे राहिला की माणूस नकळत मनगटातून ढकलू लागतो. गुडघे रुंद टेका, पाठ सरळ ठेवा आणि कंबर पुढे न्या. कंबर पुढे गेली की दाब चढतो, मागे आली की उतरतो. खांदे कानांकडे चढले असतील तर तिथेच थांबून पुन्हा बसा.

घरी सराव करण्यासाठी वजनकाटा जमिनीवर ठेवा आणि त्यावर अंगठा टेकून वजन सोडा. तीन सेकंदांत पाच किलोपर्यंत चढायचे, तीन सेकंद काटा स्थिर ठेवायचा, तीन सेकंदांत शून्यावर यायचे. सुरुवातीला काटा थरथरतो, कारण स्नायू काम करत असतात. तो स्थिर राहू लागला की वजन सोडणे जमले असे समजा. मग दहा किलो.

हे जमल्यावर पायापासून सुरू करा. माणूस उताणा, पावले सैल. आधी दोन्ही तळहातांनी पावले बाहेरच्या बाजूला हलकेच दाबा. मग घोट्यापासून मांडीपर्यंत तळहाताने वर जा आणि तसेच खाली या. गुडघ्याच्या वाटीवर भार नको, तिथे फक्त हात ठेवून पुढे सरका. त्यानंतर अंगठे. बाहेरच्या बाजूची पहिली रेषा नडगीच्या हाडाला लागून असलेल्या खाचेत मिळते. घोट्याच्या तीन बोटे वरून सुरू करून गुडघ्याखाली तीन बोटांवर थांबा, अंगठ्याच्या रुंदीएवढे अंतर ठेवत जा. हाडावर दाब पडला तर समोरचा माणूस लगेच पाय आखडतो. चूक अर्ध्या बोटाची असते, तेवढेच बाहेर सरका. शेवटी पुन्हा तळहात. अंगठ्याआधी आणि नंतर तळहात हा क्रम सोडू नका : आधीच्या तळहाताने स्नायू सैल होतो, नंतरच्या तळहाताने ठणका विरतो. दाब समोरचा श्वास सोडत असताना चढवा.

तुमचे अंगठे दुखत असेपर्यंत अंगठ्याचे काम निम्म्यावर आणा. मांडीला तळहात किंवा कोपराखालचा हात वापरा, तळव्यांना कोपर. पूर्ण अंगाचा मसाज दिवसाला एकच. अंगठ्याच्या मुळाशी सूज दिसली तर ती उतरेपर्यंत पूर्ण विश्रांती. दुखत्या अंगठ्याने सराव चालू ठेवला तर तो सांधा कायमचा कुरकुरतो, आणि मग हे काम सोडावे लागते.

त्यांचा औषधी शेकाचा गोळा आपल्याकडच्या पाल्याने करता येईल का? (देवगड)

बराचसा येईल. 'लूक प्राकोप' या गोळ्याचे एक प्रचलित प्रमाण असे आहे : प्लाई नावाचे आल्याच्या कुळातले कंद ५०० ग्रॅम, मक्रूत या खडबडीत सालीच्या लिंबाची साल २०० ग्रॅम, गवती चहा २०० ग्रॅम, हळद, चिंचेचा पाला आणि शिकेकाईचा पाला प्रत्येकी १०० ग्रॅम, मीठ एक मोठा चमचा, कापूर दोन मोठे चमचे. यांतला बराचसा पाला आपल्या परसातच आहे. प्लाई आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. त्याऐवजी आले आणि आंबेहळद घालता येते, पण गुण आणि वास वेगळा होतो. तेव्हा पाहुण्यांना तो आपला गोळा म्हणूनच सांगा, थाई म्हणून नाही.

कंद आणि साल ठेचा, वाटू नका. लगदा झाला की कपड्यातून गरम पाणी गळते आणि भाजते. बिनरंगाचे सुती कापड, साधारण ४० सेंटीमीटर चौरस. गच्च बांधून वर मूठ करा. मोदकपात्रात १५ ते २० मिनिटे वाफवा. एका वेळी दोन गोळे हवेत, एक अंगावर आणि एक वाफेत. आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर टेकवून पाहा, मग कपड्यावरून झटपट टेकवत सुरू करा. वाफ ओसरली की थांबून दाबा. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्या पावलांना हा शेक देऊ नका. भाजले तरी त्यांना कळत नाही. कोकणच्या दमटपणात वापरलेला गोळा बाहेर ठेवला तर बुरशी धरतो. फ्रीजमध्ये ठेवून त्याच माणसासाठी दोन-तीन दिवसांत संपवा.

परतल्यावर गावातल्या लोकांवर सराव करायचा आहे : जाळे ओढणारे, पाडेली (झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारे), म्हातारी माणसे. कोणाला करू नये? (वेंगुर्ले)

जाळे ओढणाऱ्यांचे आणि पाडेल्यांचे खांदे व कंबर हे सरावासाठी उत्तम, फक्त तिथले स्नायू इतके कठीण असतात की नवखा माणूस जोर वाढवत जातो. वेळ वाढवा, दाब नको.

ताप, नुकतीच शस्त्रक्रिया, हाड मोडलेले, अंगावर जखम किंवा पुरळ, आटोक्यात नसलेला रक्तदाब : यांना नाही. गरोदर बाईला नवख्याने हात लावू नये. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर, तर तिथे रक्ताची गाठ असू शकते. दाबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अंगठा आणि कोपर वर्ज्य. म्हाताऱ्या माणसांना पाठ वाकवण्याचे, मान वळवण्याचे ताण देऊ नका. ठिसूळ हाड साध्या झटक्यानेही मोडते. जांघेतली नाडी दाबून धरून सोडण्याचा एक प्रकार तिथे शिकवतात. शिक्षक शेजारी नसताना तो कोणावरही करू नका. कण्याच्या मणक्यांवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या खळग्यात भार कधीच नाही.

तिथली सावरीच्या कापसाची गादी आणावी का? (श्रीवर्धन)

नको. पावसाळ्यात ती ओलावा धरते आणि आतून कुजते. पाच सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम घ्या, वर धुता येईल अशी सुती खोळ शिवा, आणि गादी माणसापेक्षा दोन्ही बाजूंनी हातभर रुंद ठेवा, कारण तुमचे गुडघेही तिच्यावरच टेकायचे आहेत. फरशीवर गुडघे टेकून काम केले तर अंगठ्याआधी गुडघे जातील. रोज उभी करून ठेवा, आणि खोळी चार शिवा. आषाढात एक वाळायला तीन दिवस लागतात.