सोलापुरात १० जणांचं छोटं कॉल सेंटर टाकायचं आहे, काही जण घरून बोलणार. फोनची सिस्टिम कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर जागा बघितली आहे. ८ जण तिथं बसणार, २ मुली पंढरपूर आणि अक्कलकोटहून घरूनच बोलणार, काम पुण्याच्या कंपनीचं, आणि दुकानदार ईपीएबीएक्सचा डबा (ऑफिसातले फोन तारेनं जोडणारं एक्स्चेंज) घ्या म्हणून मागं लागलाय.

नका घेऊ. मी कित्येक वर्षं हॉटेलांत, दवाखान्यांत तेच डबे बसवलेत, त्यामुळं डब्याशी माझं काही वैर नाही. पण अक्कलकोटला घरी बसलेल्या मुलीपर्यंत त्याची तार पोहोचत नाही. पीआरआय लाइन (टेलिफोन कंपनीची जाड डिजिटल लाइन) घ्यायची म्हटलं तर एका लाइनीत ३० चॅनेल येतात, म्हणजे एकदम ३० कॉल, आणि तुम्ही जेमतेम १० जण. क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी सिस्टिम माणशी महिन्याच्या भाड्यानं घ्या. लॅपटॉप, ब्राउझर, हेडफोन, झालं. अ‍ॅस्टेरिस्क हे स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं फोनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलंही आहे, पण रात्री सर्व्हर पडला तर उठून बघणारा माणूस तुमच्याकडं हवा. शिवाय ५०६० पोर्ट (इंटरनेट कॉलचा दरवाजा) उघडा राहिला आणि एक्स्टेन्शन (आतल्या फोनचा नंबर) १०१ चा पासवर्डही १०१ असला, की रातोरात परदेशी कॉल लागून बिल तुमच्या नावावर येतं.

सिस्टिम निवडणं हे सोपं काम. खरा जीव लाइनीत आणि लाइटीत आहे.

इंटरनेटवाला तुम्हाला ३०० एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारेल. हिशेब करा: जी.७११ कोडेकवर (आवाज डेटात बदलायची पद्धत) एका कॉलला जायला-यायला प्रत्येकी साधारण ८७ केबीपीएस लागतात. दहाही जण एकदम बोलले तरी १ एमबीपीएसच्या आतच. आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नाही. बोलणं सेकंदाला ५० पॅकेटांत, म्हणजे डेटाच्या तुकड्यांत, कापून जातं, आणि मध्येच सीसीटीव्हीचं अपलोड किंवा विंडोजचं अपडेट घुसलं की पॅकेटं मागंपुढं पोहोचतात. त्यामुळं राउटरमध्ये कॉलला आधी वाट द्यायची सोय हवी, आणि कॉलची मशिन वायरवर हवीत. वायफाय पाहुण्यांना द्या.

दुसरी लाइन घ्याच, पण कंपनी वेगळी म्हणजे लाइन वेगळी असं धरू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही फायबर एकाच खांबावरून आल्या होत्या. ड्रेनेजसाठी रस्ता खणला आणि दोन्ही एकदमच गेल्या. आता मी दुसरी लाइन म्हणून सिमवर चालणारा राउटरच ठेवतो. सॉफ्टफोन (लॅपटॉपवर चालणारा फोनचा प्रोग्राम) वापरणार असाल तर आणखी एक: फोन सर्व्हरवर स्वतःची नोंद करतो, ती बऱ्याचदा ३६०० सेकंदांसाठी असते. लाइन बदलली की आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलतो आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर रिंग देत बसतो. ती नोंद १२० सेकंदांवर आणा.

लाइटीचं तर तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ डिग्री आणि आत पंखे बंद. सगळे इन्व्हर्टर लावतात, पण इन्व्हर्टरवर जाताना क्षणभराचा झटका बसतो. लॅपटॉपला कळतही नाही, मोडेम मात्र रिस्टार्ट होतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात सगळे कॉल गेले. मोडेम आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. घरून बोलणाऱ्या दोघींनाही एकेक द्या.

आता एक किस्सा. अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका ऑफिसातून तक्रार आली: "गिऱ्हाईक बोलता बोलता फोन ठेवतंय." मालक पोरींवर चिडलेला, बोलायला येत नाही म्हणून. मी कॉलचा रिपोर्ट उघडला. कालावधीच्या रकान्यात ३२, ३२, ३२, मध्येच एखादा ३१. माणसं इतकी घड्याळ लावून फोन ठेवत नाहीत. कॉल उचलल्याचा निरोप गेला की समोरून पोच यावी लागते. ती आली नाही तर निरोप पुन्हा पुन्हा जातो आणि ३२ सेकंदांनी सिस्टिम नाद सोडून कॉल तोडते. राउटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग मध्येच निरोपांतले पत्ते बदलत होतं, म्हणून पोच हरवत होती. एक टिक काढली, तक्रार मिटली. नवीन राउटर लावला की पहिल्यांदा तेच बंद करतो. एका बाजूचाच आवाज येत असेल तरी आधी तिथंच बघा.

हॉल रिकामा, वर पत्रा असेल तर आवाज घुमतो. महागडे फोमचे पॅनेल आणू नका. जाड सोलापुरी चादरी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. मी केलंय, फरक पडतो. शेजारी माग असेल तर मात्र चादरींनी भागत नाही, तोंडाजवळ माइक येणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोनच लागतो.

आपल्याकडं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारी पोरं मिळतात. पुण्याच्या कंपनीला ही गोष्ट आधी सांगा, आणि सिस्टिममध्ये भाषेप्रमाणं वेगळी रांग लावता येते का ते विचारा.

परवान्याचं कुणी घाबरवलं तर ऐका: कॉल सेंटरसाठी दूरसंचार खात्याकडं करावी लागणारी ओएसपी नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्येच रद्द झाली, घरून काम करायलाही मुभा आहे. पण विक्रीचे कॉल साध्या मोबाइल सिमवरून करू नका. त्याला १४० ची मालिका आणि टेलिमार्केटर म्हणून नोंदणी लागते. सिम गेटवेचा (मोबाइल सिम घालून कॉल करणारा डबा) सल्ला देणारा भेटला तर चहा पाजून परत पाठवा. नंबर बंद होतील ते तुमचे.

जागेचं डिपॉझिट द्यायच्या आधी शेजाऱ्याच्या इंटरनेटवर संध्याकाळी ७ ते ९ लॅपटॉप लावून पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. आकडे २०-३० मिलिसेकंदांवर स्थिर राहिले तर जागा घ्या. मध्येच २००-३०० वर उड्या मारत असतील तर त्याच बोळातल्या दुसऱ्या कंपनीची लाइन तपासून बघा.