१/७२ मापाच्या मॉडेलमध्ये (खऱ्यापेक्षा ७२ पट लहान) राजस्थानातल्या लोंगेवालाच्या रणभूमीचं वाळवंट करताना खरी वाळू खडीसारखी का दिसते आणि वरचा थर का तडकतो?

खरी वाळू वापरूच नका. वॉल पुट्टी आणि फेविकॉल ३:१ मिसळून श्रीखंडाइतका घट्ट लेप करा आणि थर्माकोलवर २ मिलिमीटरच्या पातळ थरांत द्या. कारण साधं आहे: अर्ध्या मिलिमीटरचा कण ७२ पट मोठा केला की ३६ मिलिमीटर होतो, म्हणजे चक्क खडी. तडे जातात ते जाड थरामुळे. वरची साय आधी वाळते, आतलं पाणी नंतर निघतं आणि पुट्टी आकसते. पहिला थर पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा.

खरी मजा रणगाडा रुतवण्यात आहे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात लोंगेवालाला पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे मऊ वाळूत अडकले होते. या रणगाड्याचं पोट जमिनीपासून सुमारे ४२ सेंटिमीटर वर असतं, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास ६ मिलिमीटर. तेवढे खोल चर थर्माकोलमध्ये आधीच कोरा, नाहीतर रणगाडा वाळूवर नुसता ठेवल्यासारखा दिसतो. रणगाड्याच्या पट्ट्यांना (चाकांभोवतीच्या साखळ्यांना) लेप चिकटू नये म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि लेप बोटाला चिकटेनासा झाला की रणगाडा सरळ खाली दाबा. ओल्या लेपात दाबलात तर कडा ओघळून ठसा बुजतो. तेल लागलेला भाग रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या.

एक मात्र सांभाळा: साधा स्प्रे पेंट थर्माकोल विरघळवतो. उघडी कड राहिली असेल तिथे ॲक्रिलिक रंग ब्रशनेच लावा.