अण्णा सज्जनगड चढतात, पण लेह म्हणजे सज्जनगड नव्हे

न्यू जर्सीहून आलेलं एक पत्र आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. मजकूर थोडक्यात असा: जूनअखेर मुलांना सुट्टी. मुंबईत उतरायचं, चार दिवस साताऱ्याला सदरबझारच्या घरी राहायचं, मग आई-अण्णांना घेऊन पुणे-दिल्ली-लेह. पहिली रात्र लेह, दुसरी नुब्रा खोऱ्यात, तिसरी पँगाँग तळ्याच्या काठी तंबूत, चौथी परत लेह. पाचव्या दिवशी दिल्ली आणि त्याच रात्री नेवार्कचं विमान. अण्णा ७१ वर्षांचे, ब्लडप्रेशरची गोळी सोडली तर ठणठणीत, 'अजूनही दर गुरुवारी सज्जनगड चढतात'. आईंचे गुडघे कुरकुरतात. मुलं ११ आणि ५ वर्षांची. आणि एवढं सगळं लिहून प्रश्न एकच: चांगलं हॉटेल कुठलं घ्यावं?

हॉटेलाचं नाव मी सांगणार नाही. हॉटेल शोधायला तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, आणि तुम्हाला अडचण येणार आहे ती हॉटेलामुळे नाही. कुठली रात्र किती उंचीवर काढायची, हे तुम्ही अजून ठरवलेलंच नाही. ते ठरलं की हॉटेल सापडायला अर्धा तास पुरतो.

उंचीचा अंदाज आपल्याकडच्या मापाने घेऊ. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. त्या कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी तिचा माथा लेह गावाच्या खालीच राहतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. दिल्लीहून सकाळी निघून तुम्ही तासा-दीड तासात तिथे पोचता. समुद्रसपाटीवर एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश तिथे मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तुमच्या नियोजनात ते दिवस कुठेच नाहीत.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात, मूळचे अपशिंग्याचे. लडाखात दोनदा पोस्टिंग झालेलं. तुमचा कार्यक्रम मी त्यांना वाचून दाखवला. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "ताई, तिकडं पहिलं दोन दिवस नुसतं बसायचं असतंय. आमच्यासारख्या पोरांना बी बसवून ठेवायचे. आन् ह्ये म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी खारदुंगला दावणार?" खारदुंगला म्हणजे नुब्राच्या वाटेवरची उंच खिंड. लष्कराची पद्धत खरंच तशी आहे. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात (लेह यातच येतं) जवानाला सहा दिवस ठेवतात. त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे, मग थोडं थोडं चालणं. त्याच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. तेही विशीतल्या, डॉक्टरांनी तपासून पाठवलेल्या पोराला.

सज्जनगड चढणं म्हणजे दम आणि पाय, आणि अण्णांकडे ते दोन्ही आहेत हे मान्य. पण विरळ हवेला दमाचं कौतुक नसतं. आमचा एक पुतण्या यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन धावतो. लेहला पोचल्या पोचल्या बाजार पालथा घालून आला आणि रात्री डोकं धरून बसला. त्याची आजी मात्र दिवसभर व्हरांड्यात शाल पांघरून बसली होती, तिला काही झालं नाही. तगड्या माणसाला थांबवणारं कुणी नसतं, म्हणून तोच आधी आडवा होतो.

आम्हीही ही चूक करून बसलोय, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलते. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही लेहला गेलो आणि गाडी ठरलेली होती म्हणून दुसऱ्याच दिवशी खारदुंगला गाठलं. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे. फोटो झकास आले. रात्री ह्यांचं डोकं फुटायला लागलं, दोनदा उलटी झाली. बुकिंग करताना हॉटेलवाल्यांनी 'ऑक्सिजनची सोय आहे' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. सोय होती. सिलिंडर ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर गावात आपल्या घरी झोपलेला. शेवटी एका ड्रायव्हरला उठवून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथे हा रोजचाच प्रकार. नाकाला नळी लावली, पहाटेपर्यंत ह्यांना बरं वाटलं. मला मात्र ते कुलूप अजून स्वप्नात दिसतं.

तर आता तुमच्या रात्री. लेहच्या पहिल्या दोन रात्री काही म्हणजे काही करायचं नाही. पहिल्या दिवशी जेवण, झोप, फार तर अंगणात फेरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात अर्धा तास. तिसऱ्या दिवशी गाडीने खाली सिंधूच्या कडेने निमूचा संगम आणि आल्चीचं जुनं मंदिर बघून या. आल्ची लेहपेक्षा खाली आहे, ३,१०० मीटरच्या आसपास. मुक्काम लेहलाच. सगळ्यांचं डोकं, पोट आणि झोप ठीक असेल तर चौथ्या दिवशी नुब्रा. खिंड उंच आहे, पण तिथे दहा-पंधरा मिनिटांवर थांबायचं नाही. मुक्कामाचं हुंदर पुन्हा ३,१०० च्या घरातच, त्यामुळे रात्र सोपी जाते. पाचव्या दिवशी परत लेह, सहाव्या दिवशी दिल्ली.

पँगाँग या वेळी नाही. मुलं रुसतील, मला ठाऊक आहे. पण तळं ४,२०० मीटरच्या वर आहे आणि मुक्काम तंबूत. रात्री दोन वाजता कुणाला धाप लागली तर खाली न्यायचं म्हणाल, पण लेहच्या नेहमीच्या वाटेवर आधी चांगला घाट चढावा लागतो, तोही ५,३०० मीटरच्या पुढे. खाली उतरण्यासाठी आधी वर चढायचं, असल्या जागी ७१ वर्षांच्या माणसाला मी झोपवणार नाही. दिवसात जाऊन-येऊन करतात, पण ती दहा-अकरा तासांची खडखड आईंच्या गुडघ्यांना नको.

यासाठी तुम्हाला दोन दिवस जास्त लागतील. ते साताऱ्याच्या चारातून कापू नका. साडेनऊ तासांचा फरक अंगातून निघायला तेवढे दिवस लागतातच. शिवाय त्यात एक गोम आहे: जेटलॅगमध्ये डोकं जड होतं, झोप लागत नाही, भूक मरते, उंचीच्या त्रासाची सुरुवातही नेमकी अशीच. मुंबईहून थेट लेहला गेलेली माणसं 'जेटलॅग असेल' म्हणत दोन दिवस काढतात. लेहमध्ये नियम एकच ठेवा. डोकं दुखतंय म्हणजे उंचीनेच दुखतंय असं धरायचं आणि थांबायचं.

दोन दिवस वाढत नसतील तर श्रीनगर आणि पहलगाम करा. १,६०० ते २,२०० मीटर, अण्णा खूश, तुम्ही निवांत. आणि उलट दहा दिवस मिळत असतील तर श्रीनगरहून रस्त्याने चढा: कारगिलला रात्र, मग आल्चीकडे रात्र, मग लेह. माझ्या मते हाच सगळ्यांत शहाणा मार्ग. फक्त वाटेतल्या झोजीला खिंडीच्या वळणांवर पाच वर्षांच्या पोराच्या हातात पिशवी देऊन ठेवा.

आता हॉटेल. फोटो बघून घेऊ नका, फोन करा. खोली तळमजल्यावर आहे का आणि फाटकापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, हे आधी विचारा. लेहमधली बरीच हॉटेलं म्हणजे वाढवलेली घरं. लिफ्ट क्वचित, आणि तिथले दोन जिने म्हणजे आपल्याकडचे पाच. गरम पाणी चोवीस तास की सकाळी दोन तास? हीटर भाड्यात धरलाय की वेगळे पैसे? जूनमध्येही रात्री तो लागतो. ऑक्सिजनबद्दल 'आहे का' असं विचारू नका, 'हो' हेच उत्तर येतं. सिलिंडर की विजेवरचं यंत्र, वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि रात्री किल्ली कुणाकडे असते, असं विचारा. लेहचं सरकारी सोनम नोर्बू रुग्णालय किती मिनिटांवर आहे तेही. नदीकाठची, गावाबाहेरची निवांत हॉटेलं सुंदर असतात. या खेपेला गावातलंच घ्या.

जेवण धरून भाडं घ्या, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. पहिले दोन दिवस जेवायला बाहेर पडणं नको. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यातली डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. साधं वरण-भात हवं असं आदल्या रात्री सांगून ठेवलं तर आनंदाने करतात. रात्री साडेसातला हलकं जेवण, खोलीत थर्मासभर गरम पाणी. पहिले दोन दिवस दारू नाही, झोपेची गोळी तर नाहीच. आणि रद्द करण्याची अट नीट वाचा. हवा बिघडली की लेहचं विमान सरळ रद्द होतं. म्हणून तारीख बदलून देणारं हॉटेल घ्या, आणि नेवार्कच्या विमानाआधी दिल्लीत एक पूर्ण रात्र ठेवा. तुमच्या पत्रातली 'त्याच रात्री' वाचूनच माझ्या पोटात गोळा आला.

कागदपत्रांचं सांगते, कारण परदेशातली मंडळी हमखास इथेच अडकतात. तुमचा पासपोर्ट भारतीय, मुलांचा अमेरिकन. मुलांकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असलं तरी नुब्रासारख्या भागासाठी त्यांना परदेशी नागरिकांचाच वेगळा परवाना लागतो आणि तो लेहमधल्या नोंदणीकृत एजंटमार्फत काढायचा असतो. हॉटेललाही पासपोर्ट आणि ओसीआयच्या प्रती लागतील. सगळं आधीच पाठवून ठेवा. दुसरं म्हणजे फोन. साताऱ्यात अण्णांचं जुनं प्रीपेड सिम तुमच्या फोनमध्ये घालाल, ते लडाखात चालत नाही. बाहेरच्या राज्यातलं फक्त पोस्टपेड चालतं. घरातलं एक कार्ड महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या.

महिनाभर आधीच साताऱ्याच्या डॉक्टरांकडे दोघांनाही नेऊन आणायला सांगा. अण्णांची गोळी कुठली, ती तशीच ठेवायची का, आईंचं हिमोग्लोबिन किती, गुडघ्यांसाठी वेदनाशामक घेतात का. उंचीच्या त्रासावर आधीच घ्यायची गोळी असते, निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्याने डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. मुलांच्या डॉक्टरांना तिकडेच विचारा. कापराची पोटली घरातून कुणीतरी देईलच. न्या, वास बरा वाटतो. त्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. बाजारातला ऑक्सिजनचा डबाही काही मिनिटांत संपतो.

कोविडपासून प्रत्येकाच्या खणात रक्तातला प्राणवायू मोजणारं, बोटाला लावायचं यंत्र आहे, ते घ्या. पण साताऱ्यात ९७ दाखवणारं यंत्र लेहला पहिल्या दिवशी ८७-८८ दाखवेल, तेव्हा किंचाळू नका. पाचही जणांचं मोजा. एकाचाच आकडा बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर लक्ष द्या. बसल्या जागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. तडक दवाखाना, आणि डॉक्टर म्हणतील तर खाली.

खरी पंचाईत पुढेच आहे. पोराने एवढा खर्च केलाय, रजा काढलीय, आपल्यामुळे बेत मोडायला नको, या विचाराने आई-अण्णा तोंडातून अक्षर काढणार नाहीत. "बरं वाटतंय ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. म्हणून ते विचारूच नका. ताटाकडे बघा. आईने भात तसाच ठेवला, अण्णांनी दुसरा चहा नको म्हटलं, की समजा. धाकट्यालाही डोकं दुखतंय हे सांगता येणार नाही. तो नुसता चिडचिड करेल, खेळणार नाही. आणि साताऱ्यातच, निघायच्या आधी सगळ्यांसमोर बोलून टाका: एकाला त्रास झाला तर सगळ्यांनी हॉटेलात पत्ते खेळायचे, पैसे गेले तर गेले.

पत्राच्या तळाशी आईंचा म्हणून एक प्रश्न लिहिलाय: 'हॉटेलात संध्याकाळी देवापुढे दिवा लावू देतात का?' बहुतेक ठिकाणी विचारलं तर देतात. पण आई, खोलीत ऑक्सिजन आणून ठेवला असेल तर निरांजन नको आणि उदबत्तीही नको. राजपथावर सेलवरचा छोटा दिवा मिळतो, निघण्याआधी तेवढा घेऊन ठेवा.