आधीच्या मालकाकडे उपाशी राहिलेल्या लेपर्ड गेकोची (पाळीव ठिपकेदार पालीची) शेपटी सुकून काडी झालीय, वजन कसं वाढवू?

खाण्याआधी ऊब बघा. गेकोचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पोटाखालची जागा गार असेल तर खाल्लेलं पचतच नाही, कधी उलटूनही पडतं. टाकीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसरी बाजू २५ च्या आसपास, आणि दोन्हीकडे लपायला जागा. उथळ वाटीत पाणी कायम हवं. डोळे खोल गेलेत, कातडी सैल पडलीय, तर आधी पाणी, मग अन्न.

पहिल्याच दिवशी भरमसाट चारू नका. छोटे रातकिडे किंवा मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या), गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नकोत, रोज संध्याकाळी थोडे. किड्यांना आदल्या दिवशी भाजीपाला खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा. न खाल्लेले रातकिडे टाकीत सोडू नका, अशक्त गेकोला ते चावतात. वॅक्सवर्मने (मेणकिड्याच्या चरबीदार अळ्यांनी) वजन पटकन वाढतं खरं, पण चटक लागली की पठ्ठ्या दुसरं काही तोंडात घेत नाही. आठवड्याला एक-दोन पुरे.

नव्या जागी काही दिवस तो रुसेल, सारखं हातात घेऊ नका. जबरदस्तीने तोंड उघडून भरवणं तर नकोच, नाजूक जबडा दुखावतो.

आठवड्यातून एकदा डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. चरबी शेपटीत साठते, त्यामुळे फरक तिथे दिसेल. खाऊनही वजन घटत असेल तर ताजी विष्ठा घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी बहुधा पोटातले परजीवी निघतात, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.