लॉ फर्ममध्ये चार आठवड्यांच्या इंटर्नशिपमधून खरंच काही शिकायला मिळतं का?

हो, मिळतं, पण युक्तिवाद वगैरे नाही, कागद नीट वाचायला शिकता. मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला असताना चार आठवडे केली होती, बहुतेक वेळ रिसर्च, केसच्या तारखांची यादी आणि करार तपासण्यातच गेला. एका भाडेकरारात व्याख्येत 'जागा' म्हणजे फक्त तळमजला होता आणि पुढे दुरुस्तीच्या कलमात 'संपूर्ण इमारत' आलेलं, सिनियर मॅडमनी पेन्सिलने दोन्हीला गोल केलं आणि म्हणाल्या, आता सांग छत गळलं तर खर्च कोणाचा, त्या एका प्रश्नाने मला कॉन्ट्रॅक्टच्या अख्ख्या पेपरपेक्षा जास्त कळलं. निकालाचा दाखला देण्याआधी तो वरच्या कोर्टाने फिरवलाय का ते बघायचं, ही सवयही तिथेच लागली, आणि ती फार महत्त्वाची आहे. फक्त एक, सिनियरला वेळ नसेल तर चारही आठवडे झेरॉक्स आणि फायलिंगमध्ये जाऊ शकतात, म्हणून जॉइन व्हायच्या आधीच विचारून घ्या की काम कोण देणार आणि केलेलं तपासून चुका कोण दाखवणार.